चित्रकथापुस्तके : जुनी छायाचित्रे व आद्य संग्रहण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३० नंतरच्या दशकात ‘कॉमिक बुक’ या नावाने जी स्वस्त, रंगीत चित्रकथापुस्तके निघू लागली, त्यांची विक्री, वाचन, नाश आणि संग्रह यांची साक्ष देणारी तत्कालीन छायाचित्रे व या पुस्तकांच्या संग्रहणाचा आरंभकाळ हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. दहा सेंटांना मिळणारे हे पुस्तक वाचून झाले, की हातोहात फिरत असे आणि अखेरीस रद्दीत जात असे. ग्रंथालये ते घेत नसत, समीक्षक त्याची दखल घेत नसत आणि प्रकाशकही जुने अंक क्वचितच जपून ठेवीत. त्यामुळे पहिल्या तीस वर्षांच्या इतिहासाची साधने दोनच राहिली : योगायोगाने वाचलेल्या प्रती आणि भलत्याच हेतूने काढलेली छायाचित्रे. यांतील पहिल्या साधनात एक मोठी उणीव आहे. आज अतिशय मोलाच्या मानल्या जाणाऱ्या प्रती बहुधा कोणी फारशा न हाताळलेल्या अशाच आहेत. ज्या प्रती मुलांनी खरोखर वाचल्या, दुमडून खिशात घातल्या, अदलाबदलीत गमावल्या, त्या नष्ट झाल्या. वाचली गेलेली प्रत आता पाहावयास मिळते ती मुख्यतः छायाचित्रात. म्हणूनच या छायाचित्रांना केवळ स्मरणरंजनाचे साहित्य मानणे योग्य नव्हे.

पुस्तकाची घडण : वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतील हास्यचित्रमालिका एकत्र करून १९३३ मध्ये ईस्टर्न कलर प्रिंटिंग या मुद्रणसंस्थेने ‘फनीज ऑन परेड’ हे पुस्तक छापले. ते विक्रीसाठी नव्हते. साबण बनविणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबल या उद्योगसंस्थेने ते ग्राहकांना भेट म्हणून वाटले. वृत्तपत्राच्या मोठ्या कागदाला आणखी घड्या घालून सोयीचा आकार मिळतो, हा शोध मुद्रणयंत्र रिकामे राहू नये या व्यापारी गरजेतून लागला होता. ‘फेमस फनीज’ हे नियतकालिक १९३४ मध्ये विक्रीच्या मांडणीवर आले व दहा सेंट ही किंमत रूढ झाली. मेजर माल्कम व्हीलर-निकल्सन यांनी १९३५ मध्ये ‘न्यू फन’मधून पूर्वी कोठेही न छापलेल्या चित्रकथा देण्यास सुरुवात केली. जेरी सीगल (१९१४–९६) व जो शूस्टर (१९१४–९२) यांचा सुपरमॅन ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात (जून १९३८) अवतरला. तेरा पृष्ठांच्या या कथेबद्दल दोघांना मिळून १३० डॉलर मिळाले आणि त्यातच नायकावरील सर्व हक्क प्रकाशकाकडे गेले. पुढील वर्षी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात बॅटमॅन आला.

या पुस्तकांचा आतील कागद लाकडाच्या यांत्रिक लगद्यापासून केलेला, वृत्तपत्री प्रतीचा असे. त्यातील लिग्निनामुळे व आम्लतेमुळे तो उजेडात व उष्णतेत पिवळा पडतो, मग तपकिरी आणि शेवटी ठिसूळ होतो. वेष्टनाचा कागद गुळगुळीत. मधोमध दोन तारा. दमट हवेत तारांना गंज चढतो आणि वेष्टन तेथेच सुटते. हे तपशील क्षुल्लक वाटले, तरी पुढे संग्राहकांची सारी मूल्यव्यवस्था त्यांच्यावरच उभारली गेली.

विक्रीच्या मांडणीची छायाचित्रे : चित्रकथापुस्तके हाच विषय धरून काढलेली आरंभीची छायाचित्रे फारशी नाहीत. ती आढळतात ती रस्ते, दुकाने व गर्दी यांच्या चित्रणात. बेरनीस ॲबट (१८९८–१९९१) यांनी न्यूयॉर्क शहराचे बदलते रूप टिपण्याचा जो प्रकल्प हाती घेतला होता, त्यात थर्ड ॲव्हेन्यू व बत्तिसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरील नियतकालिकांच्या विक्रीस्थानाचे १९ नोव्हेंबर १९३५ रोजी घेतलेले छायाचित्र आहे. शेकडो मुखपृष्ठे एकमेकांवर सरकवून, चिमट्यांनी लटकवून मांडलेली त्यात दिसतात. चित्रकथापुस्तकांचा बहर यानंतरचा. पण ती ज्या बाजारात शिरली, त्याची रचना या एका छायाचित्रावरून स्पष्ट होते. मांडणीत अंकाचा फक्त वरचा पट्टा दिसे; म्हणून नाव नेहमी मुखपृष्ठाच्या माथ्यावर आणि ठळक अक्षरांत. पुढे १९६३ मध्ये मार्व्हल प्रकाशनाने डाव्या कोपऱ्यात नायकाचे छोटे चित्र असलेली चौकट सुरू केली, तीही याच कारणासाठी.

या विषयाचे अतिशय मोठे भांडार म्हणजे शेती सुरक्षा प्रशासन या केंद्रीय खात्याचा छायाचित्रसंग्रह होय. रॉय स्ट्रायकर (१८९३–१९७५) यांच्या देखरेखीखाली १९३५ पासून महामंदीतील ग्रामीण जीवनाचे चित्रण सुरू झाले. डोरोथिआ लँग, वॉकर एव्हान्स, आर्थर रोथस्टाइन, रसेल ली, जॉन व्हॅशन, मॅरिअन पोस्ट वुलकट, जॅक डेलानो अशी नामवंत मंडळी या कामावर होती. महायुद्धाच्या काळात हा विभाग युद्धमाहिती कार्यालयाकडे गेला. सु. १,७५,००० कृष्णधवल ऋणपत्रे व सु. १,६०० रंगीत पारदर्शिका असलेला हा संग्रह वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. विस्थापित शेतमजुरांची वसतिस्थाने, औषधांच्या दुकानांतील मासिकांच्या फळ्या, बसची वाट पाहणारे प्रवासी अशा चित्रांच्या कोपऱ्यात चित्रकथापुस्तके डोकावतात. रसेल ली हे घरांच्या व दुकानांच्या अंतर्भागांत दीप्तिझोत वापरीत; त्यामुळे त्यांच्या छायाचित्रांत भिंतीवरील व फळीवरील बारीक अक्षरेही वाचता येतात. छायाचित्रकाराला हवा होता दुकानदार किंवा ग्राहक. मुखपृष्ठे आपोआप आली. अनवधानाने मिळालेला पुरावा अधिक विश्वसनीय असतो, हा इतिहाससंशोधनातील जुना नियम येथे चांगलाच लागू पडतो. [→ छायाचित्रण].

कालनिश्चिती : मुखपृष्ठे ओळखता आली, तर छायाचित्राचा काळ बराच नेमका ठरविता येतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मुखपृष्ठावर छापलेला महिना हा प्रकाशनाचा महिना नव्हे. अंक जुना वाटू नये व विक्रेत्याने तो लवकर काढून टाकू नये, यासाठी प्रकाशक सर्वसाधारणपणे दोन महिने पुढची तारीख टाकीत. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जून असले, तरी तो एप्रिल १९३८ मध्ये विक्रीस आला. एका अंकाचा मांडणीवरील मुक्काम सामान्यतः महिन्याभराचा असे. त्यामुळे एकाच छायाचित्रात वेगवेगळ्या दिवशी निघणारी पाचसहा नियतकालिके ओळखता आली, की त्यांच्या मुक्कामांचा समाईक भाग काढून छायाचित्र एकदोन आठवड्यांच्या अंतराने निश्चित करता येते. स्वामित्वहक्क नोंदणीच्या छापील सूच्यांत प्रकाशनदिनांक मिळतात. त्याशिवाय अनेक विक्रेते अंक आला त्या दिवसाची तारीख मुखपृष्ठावर पेन्सिलीने लिहीत अथवा तिचा शिक्का मारीत. संग्राहक एके काळी हा शिक्का डाग मानीत. आज तो पुरावा मानला जातो.

काही ढोबळ खुणाही उपयोगी पडतात. बहुतेक प्रकाशकांची दहा सेंट ही किंमत १९६१-६२ मध्ये बारा आणि १९६९ मध्ये पंधरा सेंट झाली. आचारसंहितेची मुद्रा मुखपृष्ठावर दिसत असेल, तर छायाचित्र १९५५ च्या आधीचे असू शकत नाही. तारेची उभी फिरती मांडणी दिसली, की सहसा महायुद्धोत्तर काळ समजावा. घरगुती छायाचित्रांच्या बाबतीत कोडॅकच्या मुद्रितांच्या पांढऱ्या किनारीवर छापलेला महिना व वर्ष मदतीस येतात. मात्र ती तारीख फिल्म धुतल्याची असते, चित्र घेतल्याची नव्हे. नाताळात घेतलेले चित्र उन्हाळ्यात धुतले गेल्याची उदाहरणे घरोघर सापडतील.

वाचकांची छायाचित्रे : ही पुस्तके फक्त लहान मुलगे वाचीत, हा समज छायाचित्रांच्या कसोटीवर टिकत नाही. महायुद्धकाळातील लष्करी छायाचित्रांत जहाजांवरील व छावण्यांतील सैनिकांच्या हाती ती दिसतात. मुलीही मोठ्या संख्येने दिसतात. जो सायमन व जॅक कर्बी यांनी १९४७ मध्ये ‘यंग रोमान्स’ काढून प्रेमकथांची लाट आणली, ती हा वाचकवर्ग आधीच तयार असल्यामुळेच. त्याच वर्षी रूथ ऑर्किन (१९२१–८५) यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘कॉमिक बुक रीडर्स’ या नावाने प्रसिद्ध झालेले छायाचित्र घेतले. आसपासचे भान हरपून पानात बुडालेली मुले हा त्याचा विषय. मुलांचे लक्ष छायाचित्रकाराकडे नसणे, हेच त्याचे वैशिष्ट्य आणि त्याचे प्रामाण्य होय.

पिट्सबर्ग येथील चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस (१९०८–९८) हे ‘पिट्सबर्ग कूरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे छायाचित्रकार. त्यांच्या कॅमेऱ्याने हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतील नित्याचे जीवन चाळीस वर्षे टिपले. त्यांची सु. ८०,००० ऋणपत्रे पुढे कार्नेगी कलासंग्रहालयाकडे आली. नियतकालिकांच्या दुकानात चित्रकथापुस्तकांत रमलेल्या कृष्णवर्णीय बालवाचकांचे त्यांचे चित्रण (१९४७ च्या सुमाराचे) अनेक दृष्टींनी महत्त्वाचे आहे. मांडणीवरील नायक बहुतेक सर्व गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय पात्रे असलीच, तर विदूषकाच्या भूमिकेत, अशी त्या काळची स्थिती होती. याला उत्तर म्हणून पत्रकार ऑरिन एव्हान्स (१९०२–७१) यांनी फिलाडेल्फिया येथून १९४७ मध्येच ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ प्रसिद्ध केले. लेखक, चित्रकार, पात्रे सर्व कृष्णवर्णीय असलेल्या या नियतकालिकाचा एकच अंक निघू शकला. हॅरिस यांच्या छायाचित्रातील वाचकांसमोर आपल्यासारखा चेहरा असलेले मुखपृष्ठ नव्हते, तरीही ते वाचीत होते; या वस्तुस्थितीचा अर्थ लावताना घाई करू नये.

न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्दिआ (१८८२–१९४७) यांची १९४५ च्या जुलैमधील छायाचित्रेही सुपरिचित आहेत. वृत्तपत्रे वाटणाऱ्या कामगारांच्या संपामुळे मुलांना रविवारच्या चित्रमालिका मिळेनात. तेव्हा महापौरांनी नभोवाणीवरून त्या साभिनय वाचून दाखविल्या. येथे वाचल्या गेल्या त्या वृत्तपत्रीय मालिका, पुस्तके नव्हेत. परंतु दोहोंकडे पाहण्याच्या दृष्टीतील अंतर त्यामुळे उघड होते. वृत्तपत्रातील चित्रमालिका महापौरांनी मोठ्याने वाचण्यास योग्य होती. तेच साहित्य सुटे पुस्तक झाले, की संशयास्पद ठरत असे.

रद्दी आणि होळी : ‘शिकागो डेली न्यूज’चे साहित्यसंपादक स्टर्लिंग नॉर्थ यांनी ८ मे १९४० रोजी या पुस्तकांवर कडाडून टीका केली आणि विरोधाचा सूर लागला. युद्धामुळे तो काही काळ मागे पडला, पण युद्धानेच या पुस्तकांचा मोठा संहार केला. जुना कागद गोळा करण्याच्या देशव्यापी मोहिमेत बालवीर व शाळकरी मुले हातगाड्या घेऊन दारोदार फिरली. अशा गाड्यांवर रचलेल्या ढिगांपुढे हसतमुखाने उभ्या असलेल्या मुलांची छायाचित्रे गावोगावच्या वृत्तपत्रांत आली. आजच्या संग्राहकाला ती पाहवत नाहीत. तथापि १९४२ पूर्वीच्या अंकांच्या दुर्मिळतेचे सारे खापर या मोहिमेवर फोडणे अतिशयोक्त वाटते. मुले मोठी झाल्यावर घरोघर होणारी आवराआवर हे कारण अधिक व्यापक आणि अधिक काळ टिकलेले होते.

महायुद्धानंतर गुन्हेगारी व भयकथांच्या पुस्तकांचा सुळसुळाट झाला आणि विरोध उघड रस्त्यावर आला. वेस्ट व्हर्जिनियातील स्पेन्सर या गावी २६ ऑक्टोबर १९४८ रोजी शाळकरी मुलांनी सु. दोन हजार पुस्तकांची होळी केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातील बिंगमटन येथे सेंट पॅट्रिक या धर्मशाळेच्या विद्यार्थ्यांनी घरोघर फिरून पुस्तके जमविली आणि जाळली. तेथील छायाचित्र ‘टाइम’ साप्ताहिकाने छापले. ज्वाळा आणि त्यांच्याभोवती जमलेली मुले, हे दृश्य जर्मनीतील १९३३ च्या ग्रंथदहनानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी आणि नाझींचा पराभव करणाऱ्या देशात दिसावे, ही गोष्ट तेव्हाही काहींच्या मनाला खुपली होती.

ही छायाचित्रे पुरावा म्हणून वापरताना विशेष सावधगिरी हवी. होळी हा पूर्वनियोजित, प्रसिद्धीसाठी योजलेला प्रसंग असे. अग्नी पेटला हे छायाचित्र निःसंशय सांगते. मुलांना काय वाटत होते, ते सांगत नाही. अशा होळ्यांत भाग घेतलेल्या काही व्यक्तींना डेव्हिड हज्दू यांनी त्यांच्या वृद्धापकाळी गाठून बोलते केले आणि त्यावर आधारलेला ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील आठवणींवरून सर्वच मुलांना ते कृत्य मनापासून पटले नव्हते, असे दिसते.

मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम (१८९५–१९८१) यांचा ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हा ग्रंथ १९५४ मध्ये निघाला. बालगुन्हेगारीचे एक कारण ही पुस्तके होत, असे त्याचे प्रतिपादन. त्याच वर्षी एप्रिल व जून महिन्यांत सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्क येथे सुनावणी घेतली. पुरावा म्हणून फलकांवर मांडलेली मुखपृष्ठे त्या वेळच्या वृत्तपत्रीय छायाचित्रांत दिसतात. सिनेटर एस्टिस केफॉव्हर यांनी ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’च्या बाविसाव्या अंकाचे मुखपृष्ठ—कुऱ्हाड व स्त्रीचे छिन्न मस्तक—दाखवून हे सुरुचीला धरून आहे काय, असे प्रकाशक विल्यम गेन्स (१९२२–९२) यांना विचारले. भयकथेच्या मुखपृष्ठास हे शोभते, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि प्रकाशकांची बाजू तेथेच ढासळली. ऑक्टोबर १९५४ मध्ये प्रकाशकांच्या संघटनेने स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. अनेक प्रकाशनसंस्था बंद पडल्या. वर्थम यांची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली यांनी ती तपासून, वर्थम यांनी मुलांच्या जबान्या अनेक ठिकाणी फिरविल्या, एकत्र केल्या वा वगळल्या असल्याचे २०१२ मध्ये दाखवून दिले. वर्थम यांना न्याय द्यायचा, तर हेही नमूद केले पाहिजे, की हार्लेममध्ये गरीब वस्तीसाठी अल्पदरात मानसोपचार केंद्र चालविणारे ते एक कळकळीचे वैद्य होते.

आद्य संग्राहक : सुरुवातीला संग्राहक हा शब्दच या क्षेत्रात नव्हता. मुले अंक जमवीत ती अदलाबदलीसाठी. जुन्या अंकांचा व्यापार पद्धतशीरपणे करणाऱ्यांत कॅन्ससमधील कॉनकॉर्डिया येथील ‘पॉप’ हॉलिंगर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९४० च्या सुमारास ते जुन्या अंकांची खरेदीविक्री करू लागले आणि लवकरच टपालाने विक्री करण्यासाठी त्यांनी सूचीही काढली. अंक टिकावेत म्हणून ते कण्याला व कडांना चिकटपट्ट्या लावीत आणि जास्तीच्या तारा मारीत. त्या काळी ही दक्षता होती. आजच्या बाजारात तोच दोष ठरतो.

संघटित संग्रहणाचे बीज मात्र विज्ञानकथाप्रेमींच्या चळवळीत होते. हे रसिक १९३० पासून हौशी पत्रिका काढीत. स्वतः सीगल यांनी विद्यार्थिदशेत अशी पत्रिका चालविली होती. पिट्सबर्ग येथील १९६० च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात रिचर्ड लूपॉफ (१९३५–२०२०) व त्यांच्या पत्नी पॅट हे कॅप्टन मार्व्हल व मेरी मार्व्हल यांच्या वेषांत अवतरले. त्या प्रसंगाचे छायाचित्र या चळवळीच्या इतिहासात वारंवार छापले जाते. त्याच संमेलनात वाटलेल्या त्यांच्या ‘झीरो’ या पत्रिकेत जुन्या चित्रकथांवरील लेखमाला सुरू झाली. प्रौढ, सुशिक्षित माणसे बालपणीच्या दहा सेंटी पुस्तकांविषयी गांभीर्याने लिहू लागली, ही नवी गोष्ट होती.

डेट्रॉइट येथील प्राध्यापक जेरी बेल्स (१९३३–२००६) यांनी मार्च १९६१ मध्ये ‘ऑल्टर-एगो’ ही पत्रिका काढली. रॉय थॉमस हे त्यांचे सहकारी पुढे मार्व्हलचे संपादक झाले. जुन्या अंकांची मूळ पाने मिळणे दुरापास्त, तेव्हा बेल्स यांनी दुर्मिळ अंकांचे सूक्ष्मपट करून ते अभ्यासूंना उपलब्ध केले. लेखक-चित्रकारांच्या नावांचा कोश रचला. बहुतेक जुन्या कथांवर कर्त्याचे नाव नसे. ते नाव शैलीवरून व पत्रव्यवहारातून शोधून काढणे, हे संग्राहकांनी केलेले खरे संशोधनकार्य होय. त्यामुळे कित्येक विस्मृत चित्रकारांना हयातीतच ओळख मिळाली. डीसीचे संपादक ज्यूलिअस श्वार्ट्झ (१९१५–२००४) वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ते छापू लागले आणि दूरदूरचे वाचक परस्परांना गवसले.

आरंभीच्या पत्रिका जांभळ्या शाईच्या प्रतिलिपी यंत्रावर निघत. या यंत्रावर छायाचित्र उतरत नाही. मुखपृष्ठ दाखवायचे, तर ते हाताने गिरवून काढावे लागे. म्हणून या चळवळीच्या पहिल्या दोनतीन वर्षांची दृश्य नोंद पत्रिकांत नाही. ती आहे घरगुती कॅमेऱ्यांतून निघालेल्या आणि पत्रातून पाठविलेल्या चौकोनी मुद्रितांत. त्यांचा ठराविक साचा आहे : अंथरुणावर, गालिच्यावर किंवा अंगणातील गवतावर ओळीने मांडलेले अंक आणि त्यांमागे उकिडवा बसलेला किशोर. छायाचित्र म्हणून यांना मोल नाही, पण अंक कसे ठेवले जात, हे त्यांतून कळते. प्लास्टिकची पाकिटे दिसत नाहीत. दिसतात फळांची खोकी, पुस्तकांच्या फळ्या आणि बांधलेले गठ्ठे. मिसूरीतील कोलंबिया येथील अग्निशामक दलातील कर्मचारी बिलजो व्हाइट यांनी घरामागे संग्रहासाठी स्वतंत्र छोटी इमारतच बांधली होती व तिला ‘व्हाइट हाउस ऑफ कॉमिक्स’ हे नाव दिले होते. बिल शेली (१९५१–२०१९) यांनी अशी विखुरलेली छायाचित्रे चळवळीतील जुन्या मंडळींकडून मिळवून आपल्या इतिहासग्रंथांत छापली नसती, तर त्यांतील बरीचशी कुटुंबांच्या पेट्यांतच राहिली असती.

बेल्स यांच्या घरी मार्च १९६४ मध्ये वाचकांच्या पारितोषिकांची मते मोजण्यासाठी काही रसिक एकत्र आले. त्यांचा समूहछायाचित्ररूपी पुरावा उपलब्ध आहे. त्याच उन्हाळ्यात, २७ जुलै १९६४ रोजी न्यूयॉर्कला चित्रकथाप्रेमींचे एकदिवसीय संमेलन झाले. उपस्थिती शंभराहूनही कमी होती. सॅन डिएगो येथे १९७० मध्ये सुरू झालेले संमेलन पुढे लाखाहून अधिक लोकांचा मेळा झाले. सुरुवातीच्या संमेलनांच्या छायाचित्रांत पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेली टेबले आणि त्यांवर वाकलेली मुले दिसतात. काही थोर चित्रकार त्याच गर्दीत, कोणत्याही मानमरातबाविना उभे आहेत. स्वतः वर्थम यांनी १९७३ मध्ये हौशी पत्रिकांवर एक सहानुभूतिपूर्ण ग्रंथ लिहिला. त्यातील रसिकांना मात्र जुने विसरता आले नाही.

बाजार आणि संस्था : रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० मध्ये किंमतींची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची किंमत ३०० डॉलर दिली होती. त्याच अंकाची एक उत्तम प्रत २०१० मध्ये दहा लक्ष आणि दुसरी २०२४ मध्ये साठ लक्ष डॉलरना विकली गेली. कोलोरॅडोतील व्यावसायिक चित्रकार एडगर चर्च यांचा सोळा हजारांहून अधिक अंकांचा संग्रह १९७७ मध्ये चक रोझान्स्की या तरुण व्यापाऱ्याच्या हाती आला. चर्च यांनी संदर्भचित्रांसाठी जमविलेले हे अंक कोरड्या हवेच्या गावात, अंधाऱ्या कपाटात घट्ट रचून ठेवले होते. त्यामुळे चाळीस वर्षांनंतरही त्यांचा कागद पांढरा होता. या संग्रहातील प्रती आज आदर्श मानल्या जातात. २००० पासून अंकांची दहा गुणांच्या मापाने प्रतवारी करून ते कठीण प्लास्टिकच्या पेटीत बंद करण्याची प्रथा पडली. बंद पेटीतील पुस्तक उघडता येत नाही. जे वाचण्यासाठी छापले, ते वाचता येऊ नये अशा रीतीने जतन व्हावे, यातील विसंगती अनेक जुन्या संग्राहकांनाही बोचते. पण किंमतीच्या रेट्यापुढे तिचे काही चालत नाही.

संस्थात्मक जतन उशिरा सुरू झाले. मिशिगन राज्य विद्यापीठात रसेल नाय यांच्या प्रयत्नांनी १९७० च्या सुमारास चित्रकथापुस्तकांचा संग्रह उभा राहू लागला. ग्रंथालये सूक्ष्मपट करून मूळ वृत्तपत्रे टाकून देत असता बिल ब्लॅकबिअर्ड (१९२६–२०११) यांनी ती सॅन फ्रॅन्सिस्को येथील आपल्या घरात साठविली. हा सु. ७५ टनांचा साठा १९९८ मध्ये सहा मालमोटारींतून ओहायो राज्य विद्यापीठाकडे गेला.

भारतातील स्थिती : भारतात हे साहित्य प्रथम परदेशी अंकांच्या रूपाने आले. टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनसमूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉक यांचा फँटम हा नायक मराठी वाचकांना वेताळ या नावाने परिचित झाला. अनंत पै (१९२९–२०११) यांच्या संपादनाखाली मुंबईहून १९६७ पासून ‘अमर चित्र कथा’ ही माला निघू लागली. ‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडले आणि त्यानंतर त्याच्या जुन्या अंकांचा शोध सुरू झाला. त्यांपैकी पुष्कळसे भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून आलेले असल्याने त्यांवर शिक्के, क्रमांक आणि जाड दोऱ्याची शिवण आढळते. शिवणीमुळे पानांचा आतील समास कापला जातो व अंक संग्राहकाच्या दृष्टीने उणा ठरतो. परंतु एकच अंक किती हातांतून गेला, याची नोंद त्या शिक्क्यांतच राहिली आहे.